तांदळाची आंबील

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच दारू घेतली, आणि ती मी त्यांना खोटं बोलून दिली. बायको सोडली तर हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात विशेष काही नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला पटवत आलो. विशेष पुष्कळ होतं, मला लाज वाटत होती, एवढंच.

तेव्हा मी सिंगापूरला होतो. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी, आणि राहायला पार दुसऱ्या टोकाला, यिशुनच्या फ्लॅटमध्ये. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटून गेली असतील. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगा एकटा काय खातो, कसा राहतो ते बघायला बाबा दोन महिन्यांसाठी आले. आई आली नाही, कारण तिला विमानाची धास्ती. "खाली जमीन नाही तिथं मी बसायची नाही," असं तिनं एकदाच सांगितलं आणि विषय संपवला.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सदुसष्ट वर्षांचे, शाकाहारी, पहाटे उठणारे, आणि पानात एक शीत टाकू न देणारे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी प्लांटवरून कंपनीच्या बसनं दीड तास डुलक्या घेत घरी यायचो, तर आमटी-भात तयार असायचा. लहानपणी त्यांनी साधा चहा केलेलाही मी पाहिला नव्हता. हे सगळं कधी शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, "रिटायर झाल्यावर माणसानं काय फक्त पेपरच वाचायचा का?"

दर रविवारी फोनवर खुशाली विचारून झाली की बाबा शेवटी एक प्रश्न ठेवून द्यायचे. "पीत नाहीस ना?" मी म्हणायचो, "छे हो." आणि शनिवारी प्लांटमधल्या मंडळींबरोबर बसून दोन-तीन बिअर घ्यायचो. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. गैर वाटत नसेल तर बापाला सांगत का नाहीस, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नाही. ते येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी मी फ्रीज रिकामा केला.

बाबांचा हा प्रश्न काकामुळे होता.

काका त्यांचा एकुलता एक भाऊ, नऊ वर्षांनी धाकटा. सांगलीत लेथवर काम करायचा. हातात विलक्षण कसब. माझ्या सायकलची चेन त्यानं दुरुस्त केली की वर्षभर हूं की चूं करायची नाही. लग्न झालं नव्हतं, आमच्यातच राहायचा आणि पगार झाला की प्यायचा. मग पगार होण्याआधीही प्यायला लागला. बाबा त्याला गुत्त्यावरून सायकलवर डबलसीट आणत, एक हात हँडलवर आणि एक हात मागं वळवून काकाच्या दंडाला. वाड्यातली, शेजारची सगळी खिडक्यांतून बघायची. दहा-बारा वर्षं हे चाललं. बाबा त्याला म्हणत, माझी शपथ घे की सोडीन. काका मान हलवायचा. "नाही जमणार दादा. कशाला उगाच शपथ घेऊ?"

मी बारावीत असताना एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. काका आला, खिशातून बाटली काढून त्यानं ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "दादा, कुठंतरी कोपऱ्यात बसून प्यायचा कंटाळा आला. आज तुझ्यासमोर पितो. मारायचं असेल तर मार." आणि आईनं भरून ठेवलेलं पाण्याचं भांडं त्यानं मोरीत रिकामं केलं, त्यात बाटलीतली ओतली आणि प्यायला. बाबांनी मारलं नाही. उठले, हात धुतले, काकाची वळकटी बांधली आणि बाहेर नेऊन ठेवली. "माझ्या तोंडासमोर प्याला तो," एवढंच पुढं कधी कुणी विचारलं तर सांगायचे. त्याला पंधरा वर्षं झाली होती. काका त्याच गावात, स्टेशनकडे एका खोलीत राहत होता आणि दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आईचा फोन आला, तोही मी प्लांटवर असताना, म्हणजे बाबांना चुकवूनच. "तुझ्या काकाला मिरजेला दवाखान्यात ठेवलाय," ती म्हणाली. "लिव्हर गेलंय. डॉक्टर म्हणतात आता दिवस मोजायचे. सारखा विचारतो, दादा कधी येणार."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मीच डबा घेऊन जाते की रोज. आधी खोलीवर पाठवत होते, आता तिथं नेते." हे मला ठाऊक नव्हतं. मग ती म्हणाली, "यांना तू सांग. मी सांगितलं तर माझ्यावरच ओरडतील."

त्या संध्याकाळी मला धीर झाला नाही. शनिवारी सकाळी बाबा ओट्याशी मेथी निवडत होते, तेव्हा पाठीमागून सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही. "बरं," म्हणाले. जुडी संपली, देठं कागदात गुंडाळली. मग म्हणाले, "दुपारी जेवायला जायचंय ना आपल्याला? माझा पांढरा शर्ट इस्त्री केलाय का?"

"आपण रद्द करू या. तुम्हाला तिकीट बदलून हवं असेल तर…"

"कशाला रद्द करायचं? त्या लोकांना शब्द दिलाय."

त्यांच्याकडून एवढंच. मला त्यांचा संताप आला. पंधरा वर्षं धरलेला हट्ट माणूस मरायला टेकला तरी सोडवत नाही म्हणजे काय? पण हे मी मनात म्हणालो, आणि शर्टाला इस्त्री केली.

जेवणाचं आमंत्रण माझ्या प्लांटमधल्या एका सिनियरचं होतं. हा कोरियन गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो, त्यामुळे एकमेकांच्या घरची बित्तंबातमी दोघांनाही होती. त्याचे वडील थंडी चुकवायला त्याच्याकडे आले होते. घरात बसून कंटाळलेत, तुझेही कंटाळले असतील, दोघांना एकदा जेवायला नेऊ, असं त्याच्या मनात आलं. त्यांच्याकडे म्हणे पाऊस लागला की लोकांना पाजॉन आणि मकगोली आठवते. पाजॉन म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं. मकगोली म्हणजे तांदळाची दारू. सिंगापूरला डिसेंबरात पाऊस हटत नव्हता, तेव्हा मुहूर्त बघायचं कारण नव्हतं. बाबा शाकाहारी आहेत, हे मी सांगून ठेवलं होतं. दारूचं मात्र बोललो नाही. ऐन वेळी बघू, असा माझा स्वभाव आहे आणि त्यानं मला आयुष्यात पुष्कळदा खड्ड्यात घातलंय.

रेस्टॉरंट तांजोंग पगारला एका जुन्या दुकानांच्या रांगेत होतं. दारात चपला-बूट काढायचे, आत लाकडी जमीन, बसकी टेबलं आणि बसायला पातळ उशा. बाबांचा चेहरा खुलला. महिनाभर खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून जेवून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. त्यांनी झक्क मांडी घातली. समोर म्हातारेबुवांनीही घातली. वाळलेल्या खारकेसारखा काटक माणूस, उन्हानं रापलेला, जन्मभर भातशेती केलेला. त्यांना कोरियनशिवाय काही येत नव्हतं. त्यांचं बोलणं त्यांचा मुलगा इंग्रजीत मला सांगायचा आणि मी मराठीत बाबांना. बाबांना इंग्रजी येत होतं, पण ते सरकारी पत्रांतलं. माझ्या मित्राचे उच्चार आपल्याला झेपत नाहीत, असं त्यांनी पहिल्या दोन वाक्यांनंतर जाहीर केलं.

पहिलं धिरडं आलं ते ताटाएवढं, काळ्या तव्यावर चरचरतच. पात चिरलेली नव्हती, अख्खीच्या अख्खी लांब ओळीनं मांडून वर पीठ सोडलेलं. माझ्या मित्रानं आधी फोन करून शिंपले, कोळंबी, अंडं, सगळं वगळायला लावलं होतं. कोबीच्या लोणच्यात मासळीचा रस असतो म्हणून ती वाटी त्यानं आपण होऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. बाबांनी सळईसारख्या त्या बारीक चॉपस्टिक्स उचलून पाहिल्या, खाली ठेवल्या आणि सरळ हातानं तुकडा मोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारेबुवा हसले, त्यांनीही आपल्या चॉपस्टिक्स ठेवल्या आणि बोटांनीच मोडून घेतलं.

"धिरडंच की हे," बाबा म्हणाले. "पण उलटायची घाई केलेली नाही. कडा बघ." पाठोपाठ मुगाचं आलं, जाडसर, आत मऊ. ते खाताना बाबा बोललेच नाहीत, म्हणजे फारच आवडलं होतं.

मग किटली आली. पिवळ्या ॲल्युमिनियमची, पोचे पडलेली, आणि बरोबर तसल्याच चार वाट्या. म्हातारेबुवांनी किटली गोल गोल हलवली, कारण तांदळाचा गाळ तळाशी बसतो, आणि दोन्ही हातांनी धरून पहिली वाटी बाबांना भरली. पांढरं, ताकासारखं.

"हे काय?" बाबांनी मला विचारलं.

टेबलावर तिघंही माझ्याकडे बघत होते. त्यांच्यात वडीलधाऱ्या माणसानं भरलेली वाटी नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं, हे मला बसमधल्या गप्पांतून माहीत होतं. आणि दारू आहे म्हटलं तर बाबा उठून चपला घालतील, आजच्या दिवशी तर नक्कीच, हेही माहीत होतं. मी वेळ मारून नेली.

"तांदळाची आंबील," मी म्हणालो.

तांदळाची होती, आंबवलेली होती. अर्धं खरं असलं की खोटं बोलायला जड जात नाही. बाबांनी वाटी नाकाजवळ नेली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हातारेबुवांसारखीच दोन्ही हातांनी धरली आणि एका दमात संपवली.

इथं मी दुसरी चूक केली. कोरियन माणूस स्वतःची वाटी स्वतः भरत नाही, ती समोरच्यानं भरायची असते. आणि समोरच्याची वाटी रिकामी दिसली की लगेच भरायची, नाहीतर यजमानाला कमीपणा. नको असेल तर वाटीत थोडी ठेवायची, एवढं सोपं आहे. बाबांना हे सांगायला मला दोन सेकंद लागले असते. पण सांगायला गेलो तर ही कसली आंबील, जी ठेवायची असते, असं त्यांनी विचारलं असतं. शिवाय ते ठेवणार नव्हतेच. आमच्या घरात ताटात ठेवणं हे पाप होतं. त्यामुळे बाबा वाटी चाटूनपुसून रिकामी करायचे आणि म्हातारेबुवा लगेच भरायचे. दोन घरांच्या दोन शिस्ती एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि मी मूग गिळून बघत बसलो.

दुसऱ्या वाटीला म्हातारेबुवांनी बाबांचं वय विचारलं. सदुसष्ट म्हटल्यावर टेबलावर थाप मारली. ते एकाहत्तरचे. मग मी तुझा थोरला भाऊ, असं त्यांनी मुलाकरवी कळवलं, आणि थोरल्यानं धाकट्याला द्यायचं म्हणून धिरड्याचा सगळ्यात कुरकुरीत कडेचा तुकडा बाबांच्या ताटलीत ठेवला. बाबा चक्क लाजले. आजवर ते सगळीकडे थोरलेच होते. घरात, ऑफिसात, भावकीत. त्यांना कुणी हातानं वाढून "खा" म्हटलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझ्या मित्रानं आपली वाटी उचलली, वडिलांकडे पाठ होईल इतका खांदा वळवला, मान भिंतीकडे केली आणि प्यायला.

"हा तोंड का फिरवतो?" बाबांनी विचारलं.

"रीत आहे त्यांच्यात. वडीलधाऱ्यांसमोर पिताना तोंड फिरवायचं. मान म्हणून."

"पण प्यायचं समोरच?"

"हो."

"बापासमोर?"

"बापानंच पहिल्यांदा दिली होती म्हणतो, वीस वर्षांचा झाल्यावर. बापाबरोबर बसलं की कसं आणि किती ते कळतं, असं म्हणतात त्यांच्यात." हे बोलून गेल्यावर चूक माझ्या लक्षात आली. आंबील कशी आणि किती प्यायची हे कोण शिकवतं? पण बाबा "हं" म्हणाले आणि मुगाच्या धिरड्याकडे वळले.

माझीही वाटी म्हातारेबुवांनी भरली होती. ती किती वेळ तशीच ठेवणार? मी उचलली, आणि बाबांच्या नजरेला नजर देववेना म्हणून भिंतीकडे वळून प्यायलो. माझ्या मित्राला वाटलं मी त्यांची रीत शिकलो. त्यानं कौतुकानं माझ्या पाठीवर थोपटलं. इतकं वाईट मला क्वचितच वाटलं असेल.

तिसऱ्या वाटीनंतर बाबा बोलायला लागले. कालव्याची गळती कशी शोधायची, रात्रीतून पाट फोडणाऱ्या शेतकऱ्याला कसं पकडलं आणि मग सोडून कसं दिलं, असलं मीही कधी न ऐकलेलं. म्हातारेबुवांनी भाताला पाणी सोडण्यावरून शेजाऱ्याशी झालेली मारामारी सांगितली. पाण्यावरून चाललेलं भांडण दोघांनाही दुभाष्याशिवाय कळत होतं, आम्ही मुलं भाषांतर करेपर्यंतही ते थांबत नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता. मला क्षणभर सगळं छान वाटलं. बाबांचे कान लाल झाले होते.

मग म्हातारेबुवांनी विचारलं, "तुला भाऊ आहे?"

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. "आहे," ते म्हणाले. "एक धाकटा."

"येतो का तुझ्याबरोबर प्यायला?"

मी 'प्यायला' गाळून 'जेवायला' म्हणालो. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग त्यांना, नाही येत. एकटाच असतो."

मी सांगितलं. मित्रानं कोरियनमध्ये सांगितलं. म्हातारेबुवांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना खरंच समजेना झालं होतं. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि मित्र जरा अवघडून मला म्हणाला, "ते विचारतायत, मग त्याला ओतून कोण देतं?"

हे मी कसं सांगणार होतो? पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या दिवशी आणखी एक खोटं माझ्याच्यानं रचवेना. मी जसंच्या तसं सांगितलं. "त्याला ओतून कोण देतं, असं विचारतायत."

बाबांच्या पुढ्यातली वाटी भरलेली होती. ती त्यांनी तशीच राहू दिली. म्हातारेबुवांनी ते पाहिलं, किटली टेबलाच्या कडेला ठेवली आणि पुढं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं आम्ही उठलो. निघताना बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. म्हातारेबुवांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ते दोघे टॅक्सीनं गेले. आम्ही दुकानांपुढच्या पडवीत पाऊस कमी व्हायची वाट बघत थांबलो. चार वाजत आले होते. बाबा खांबाला टेकून उभे होते, पाय जरा फाकवून, होडीत उभं राहतात तसे. मला राहवेना. त्यांना रात्री मळमळलं, काही झालं, तर काय घ्या, म्हणून सांगणं भाग होतं. खरं सांगायचं तर ती भरलेली वाटी मला छळत होती.

"बाबा, एक सांगायचं होतं. ती आंबील…"

"दारू होती," बाबा म्हणाले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"वाटी नाकाशी नेली तेव्हाच कळलं. दहा-बारा वर्षं त्याला मागं बसवून सायकल हाणली. त्याच्या शर्टाला जो वास यायचा, तो मला कळायचा नाही?"

"मग तुम्ही प्यायलात कशाला?"

"बघायचं होतं." ते पावसाकडे बघत होते. "पंधरा वर्षं डोक्यात आहे. असं काय असतं त्यात, की त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा ते बरं वाटलं."

"मग?"

"मग काय. आंबट आहे. डोकं हलकं होतं जरासं. दुसरं काही सापडलं नाही मला. चार वाट्या प्यायलो तरी नाही." त्यांचा आवाज बदलला. "मला वाटायचं, चव घेतली की राग तरी नीट येईल त्याचा. तोही येईना."

मी त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनी तो काढून घेतला. रागानं नाही, बोलायचं राहिलं होतं म्हणून.

"तुझंही माहीत आहे मला. बॉम्ब शेल्टरमधून तांदूळ काढायला रोज मीच जातो. पोत्यामागं डबे आहेत त्या बिअरचे." तिथल्या सरकारी नियमाप्रमाणे आमच्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक कोठीची खोली होती, तिथं मी ते लपवले होते. "आणि तुझी आई त्याला डबा पाठवते, तेही माहीत आहे. स्वयंपाक दोघांचा आणि भाकरी पाच होतात, मला दिसत नाही का? मी म्हटलं, जाऊ दे, पोटाला मिळतंय त्याला. तुम्ही सगळे माझ्यापासून लपवता आणि मीही बघितलंच नाही असं दाखवतो. एक तोच कधी खोटं बोलला नाही माझ्याशी. सोडीन म्हणून शपथसुद्धा घेतली नाही त्यानं. समोर येऊन प्यायला, तर त्याला मी घराबाहेर काढला. आणि तू लपवतोस, तर चार लोकांत सांगतो, माझा मुलगा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही."

मला रडू आलं. तेहेतीस वर्षांचा घोडा मी, भर बाजारात, पाऊस आहे म्हणून बरं. माफी मागायला तोंड उघडलं तर बाबा म्हणाले, "ते नंतर. आईला फोन लाव. आता तिकडं दीड वाजलाय, ती दवाखान्यातच असेल."

कॉलिंग कार्डावर आधी एक लांबलचक नंबर फिरवायचा, मग पिन, मग आईच्या मोबाइलचा नंबर. दोनदा पिन चुकला, रेकॉर्डवरच्या बाईनं दोनदा तेच सगळं पहिल्यापासून ऐकवलं. बाबा शेजारी उभे राहून खिशातून चष्मा काढत होते आणि परत ठेवत होते. तिसऱ्यांदा लागला.

"आई, काका जागा आहे का? बाबांना बोलायचंय त्याच्याशी."

आई तिकडे काकाला म्हणाली, "उठून बसता येतंय का बघा जरा." मी फोन बाबांच्या हातात दिला. मोबाइल ते कानापासून वीतभर लांब धरायचे, त्यामुळे पलीकडचं मला ऐकू येत होतं. आधी नुसता खोकला. मग काकाचा आवाज, बारीक, पण त्याचाच.

"दादा?"

काकानं पुन्हा हाक मारली. बाबांनी खांब घट्ट धरला आणि पंधरा वर्षांनी आपल्या भावाशी पहिलं वाक्य बोलले.

"मी आज प्यायलो रे."

पलीकडे खाटेची करकर झाली.

"बरोबर काही खाल्लंस का?" काकानं विचारलं. "रिकाम्या पोटी नाही ना घेतलीस?"

"खाल्लं. धिरडी होती."

"मग ठीक आहे. आता पाणी पी भरपूर. आणि एकटा चालू नकोस, पोराचा हात धर. घरी गेलास की कुशीवर झोप, उताणा झोपू नकोस. उद्या डोकं धरेल, घाबरू नको."

"हो," बाबा म्हणत होते. "हो. बरं. हो." डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता, कारण दुसऱ्या हातानं त्यांनी आता खांब सोडून माझा दंड धरला होता. "मी येतोय," ते शेवटी म्हणाले. "तिकीट बघतो. मी येईपर्यंत थांब."

सोमवारच्या विमानात जागा मिळाली. काका थांबला. त्यानंतर तो एकोणीस दिवस होता, आणि आई सांगते, तेवढे दिवस बाबांनी त्याच्या कुठल्याच भांड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. पाणी तेच ओतून द्यायचे.